मायनर थ्रेट : तीन वर्षांचा बँड आणि पुढची चाळीस वर्षं

१९८० चा नोव्हेंबर. वॉशिंग्टन डीसीमधला टीन आयडल्स नावाचा एक पंक (वेगवान, रांगडं रॉक संगीत) बँड फुटलाय. बँड म्हणजे काय तर नुकतीच शाळा संपवलेली चार पोरं, आणि त्यांच्याकडे वर्षभराच्या गिग्जचे, म्हणजे कार्यक्रमांचे, साठवलेले साधारण ६०० डॉलर आहेत. वाटून घेतले असते तर प्रत्येकाच्या हातात दीडशे आले असते आणि विषय तिथेच मिटला असता. पण या पोरांनी ठरवलं की बँड संपला तर संपू दे, त्याची एक रेकॉर्ड काढायची, आपल्या मित्रमंडळींनी जे केलं ते कुठेतरी राहिलं पाहिजे.

आता रेकॉर्ड काढायची तर कंपनी लागते, आणि यांच्याकडे बघायला कुठली कंपनी येणार होती? मग कंपनीच काढली. डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स. गेम खेळताना गप्पा मारायचं जे ॲप आहे ते हे नाही बरं का, हे त्याच्या कितीतरी वर्षं आधीचं. टीन आयडल्सचा बास वाजवणारा इयन मकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन, दोघं एकाच शाळेतले, यांनी हे चालवायचं ठरवलं. आणि ते कसं चालवलं ते नीट ऐका, कारण माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा जीव तिथेच आहे. रेकॉर्डचं कागदी कव्हर कसं बनवतात ते माहीत नव्हतं, तर इंग्लंडहून आलेल्या एका सिंगलचं (एक-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डचं) कव्हर सोडवून सपाट केलं, त्याचा आकार कागदावर गिरवला, तसं प्रिंटरकडून छापून घेतलं, आणि मग घरात बसून कात्रीनं कापायचं, घड्या घालायच्या, कडेला गोंद लावायचा. एक नाही, हजारो कव्हर्स अशी झाली. मित्र यायचे, गप्पा मारत घड्या घालायचे. आज एखाद्या संग्राहकाकडे ती जुनी रेकॉर्ड बघायला मिळाली तर कव्हरची कड जरूर बघा, ती कुणातरी पोरानं हातानं चिकटवलेली आहे.

त्या वर्षाच्या शेवटी, डिसेंबरमध्ये, इयन आणि जेफनी नवा बँड उभा केला. इयन आता गाणार, म्हणजे ओरडणार, जेफ ड्रम्सवर, लाईल प्रेस्लर गिटारवर आणि ब्रायन बेकर बासवर. नाव मायनर थ्रेट. इयन अठरा वर्षांचा होता.

यांच्या आधी त्याच शहरात बॅड ब्रेन्स होते आणि त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे अन्याय होईल. चार कृष्णवर्णीय तरुण, आधी जॅझ फ्यूजन वाजवणारे, मग पंककडे वळलेले, आणि वाजवायला लागले की इतकं वेगात आणि इतकं अचूक की या शाळकरी पोरांचे डोळेच उघडले. पंक म्हणजे वाजवता येत नसलं तरी चालतं असं सगळे म्हणत होते तेव्हा बॅड ब्रेन्स अफाट वाजवत होते. मायनर थ्रेटचा वेग तिथून आलाय, आणि घट्टपणाही. सगळे एकदम सुरू, सगळे एकदम थांबले, आणि थांबल्याची ती अर्ध्या सेकंदाची पोकळी सुद्धा गाण्याचाच भाग.

१९८१ मध्ये त्यांची पहिली सात इंची रेकॉर्ड आली, आठ गाणी. ती रेकॉर्ड झाली डॉन झिएनटारा नावाच्या माणसाच्या घरी, नदीपलीकडे आर्लिंग्टनमध्ये, त्याच्या तळघरातल्या इनर इअर नावाच्या छोट्या स्टुडिओत. या आठ गाण्यांतलं एक गाणं फक्त ४६ सेकंदांचं आहे, स्ट्रेट एज. त्यात हा पोरगा एवढंच सांगतो की मी पण तुझ्यासारखाच आहे, पण नशा करून पडून राहण्यापेक्षा मला करायला बऱ्याच चांगल्या गोष्टी आहेत. बस.

या ४६ सेकंदांनी पुढे जे काही झालं ते समजून घ्यायचं तर जरा मागे जाऊ. तेव्हा अमेरिकेत क्लबचा धंदा दारूवर चालायचा, म्हणजे बँड कितीही चांगला असो, पैसे बारवर सुटायचे, आणि म्हणून ज्यांचं पिण्याचं वय नाही त्यांना दारातूनच परत पाठवायचे. संगीत पोरांचं आणि पोरं रस्त्यावर! १९८० च्या उन्हाळ्यात टीन आयडल्स कॅलिफोर्नियाला गेले होते, सॅन फ्रान्सिस्कोच्या मबुहाय गार्डन्स क्लबमध्ये, तिथे एक सोपा तोडगा होता. लहान पोरांना आत सोडायचं, पण हाताच्या पाठीवर काळ्या मार्करनं मोठी फुली मारायची, म्हणजे बारवाला ओळखेल आणि दारू देणार नाही. ही कल्पना घेऊन ते घरी आले आणि वॉशिंग्टनच्या क्लबना म्हणाले की आम्हाला फुली मारा पण आत सोडा. टीन आयडल्सच्या त्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर दोन हात आहेत, मुठी वळलेल्या, त्यावर फुल्या.

म्हणजे बघा, फुली ही आत येण्याची सोय होती. मग गाणं आलं, गाणं आणि फुली एकत्र झाले, आणि ज्यांचं पिण्याचं वय झालं होतं ती पोरंही मुद्दाम फुली मारून यायला लागली. नशेला नकार देणाऱ्यांना त्या गाण्यावरून स्ट्रेट एज म्हणायला लागले. आपल्याकडे दारू-सिगारेट सोड असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा वयानं मोठा असतो, घरातला नाहीतर कीर्तनातला. इथे सांगणारा अठरा-एकोणीस वर्षांचा, टक्कल केलेला, घामानं निथळणारा पोरगा होता आणि ऐकणारे त्याच्याच वयाचे होते, त्यात उपदेश नव्हता तर आपल्यावर कुणी नशा लादू नये असा राग होता. मला वाटतं म्हणूनच ते इतकं खोल गेलं.

पण ते गेलं कुठे कुठे, हेही सांगायला हवं. बोस्टनमध्ये काही पोरं गिगला आलेल्या लोकांच्या हातातली बिअर उडवायला लागली. न्यूयॉर्कमध्ये ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात युथ ऑफ टुडे, गोरिला बिस्किट्स अशा बँड्सनी स्ट्रेट एजला नवा जोम दिला, त्यात शाकाहार आला, मग नव्वदच्या दशकात सिरॅक्यूसचा अर्थ क्रायसिस (Earth Crisis) हा बँड आला आणि प्राण्यांच्या हक्कांसाठी गाणारी, दूध-अंडीही न खाणारी पूर्ण वीगन पिढी उभी राहिली. आणि त्याच दशकात सॉल्ट लेक सिटीत काही गट इतके हिंसक झाले की पोलीस स्ट्रेट एजवाल्यांकडे टोळी म्हणून बघायला लागले. एका पोराच्या स्वतःबद्दलच्या ४६ सेकंदांचं हे झालं.

यातला धोका बँडच्या आतच ओळखला गेला होता, आणि हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. आऊट ऑफ स्टेप नावाचं त्यांचं दुसरं एक गाणं आहे, त्यात दारू, सिगारेट आणि कुणाशीही झोपत सुटणं या तीन गोष्टींना नकार आहे. त्या ओळी ऐकताना ‘मी करत नाही’ असं ऐकू येतं की ‘तुम्ही करू नका’ असं, हे स्पष्ट होत नव्हतं. जेफ नेल्सनला ते खटकलं, त्याचं म्हणणं की हे आदेशासारखं वाटतंय, त्यात ‘मी’ हा शब्द हवा. यावरून वाद झाला, शेवटी छापलेल्या शब्दांमध्ये ‘मी’ हा शब्द कंसात टाकला गेला. आणि १९८३ मध्ये ते गाणं नव्यानं रेकॉर्ड केलं तेव्हा मधे वाजवणं चालू असताना इयन साध्या आवाजात बोलतो, की हे नियम नाहीत, मी कुणाला काय करायचं ते सांगत नाहीये. त्या रेकॉर्डच्या कव्हरवर सिंथिया कॉनलीनं काढलेलं चित्र आहे, पांढऱ्या मेंढ्यांचा कळप एकीकडे आणि एक काळं मेंढरू उडी मारून दुसरीकडे. बँडमधले सगळे जण काही स्ट्रेट एज नव्हतेच. तरीही नियम झालाच. गाणं एकदा लोकांच्या हातात गेलं की लिहिणाऱ्याच्या हातात काय उरतं?

आणखी एका गाण्याबद्दल बोलायला पाहिजे, ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. गिल्टी ऑफ बीइंग व्हाईट. तेव्हाचं वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेलं शहर, शाळेत गोरी पोरं कमी, इयननं तिथे मार खाल्ला होता आणि त्यातून हे गाणं लिहिलं, त्याच्या मते वर्णद्वेषाच्या विरोधातच. पण वॉशिंग्टनच्या बाहेर, जिथे सगळीकडे गोरेच सत्तेत आहेत, तिथे त्या गाण्याचा अर्थ उलटा होतो आणि नको त्या लोकांना ते आवडायला लागतं. १९९६ मध्ये स्लेयर या मेटल बँडनं ते गायलं आणि शेवटच्या ओळीत व्हाईटच्या जागी राईट केलं, इयनला ते अजिबात आवडलं नाही. मला विचाराल तर हे त्यांचं सगळ्यात कच्चं गाणं आहे, एका पोराची जखम खरी आहे पण शहराचा आणि देशाचा इतिहास त्यात मावलेला नाही.

१९८३ च्या सप्टेंबरमध्ये, २३ तारखेला, त्यांचा शेवटचा शो झाला, लॅन्सबर्ग सेंटरमध्ये. त्या रात्री त्यांच्यासोबत ट्रबल फंक वाजले, म्हणजे वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधलं गो-गो संगीत, आणि टेक्सासचे बिग बॉईज. बाकीच्यांना संगीत मोठं करायचं होतं, यू टू या प्रसिद्ध रॉक बँडसारखं काहीतरी, इयनला त्या वाटेनं जायचं नव्हतं, आणि जिवाभावाची मित्रमंडळी होती तरी जमेना. संपलं. जेमतेम तीन वर्षं, तीही मधे लाईल कॉलेजला गेला म्हणून बंद पडलेली, आणि सगळी गाणी मिळून तासभरही भरत नाहीत.

मग पुढे काय झालं तर १९८५ च्या उन्हाळ्याच्या आसपास त्याच मित्रमंडळींनी ठरवून नवे बँड काढले, कारण शोमध्ये मारामाऱ्या वाढल्या होत्या आणि त्यांना त्याचा वीट आला होता. राईट्स ऑफ स्प्रिंग, एम्ब्रेस. राग होता तसाच, पण आता तो स्वतःच्या आत वळलेला, दुःखाबद्दल, तुटलेल्या नात्यांबद्दल. आज इमो म्हणून जे संगीत जगभरात ऐकतात त्याचं मूळ या तळघरांमध्ये आहे. १९९१ मध्ये बिकिनी किल या बँडच्या मुली वॉशिंग्टनला आल्या, रायट गर्लची, म्हणजे पंकमधल्या मुलींची स्त्रीवादी चळवळ पेटत होती, त्यांचं रेकॉर्डिंग इयननं केलं, त्याच इनर इअरमध्ये. शेजारच्या व्हर्जिनियातला डेव्ह ग्रोल हा ड्रमर डिस्कॉर्डच्याच स्क्रीम या बँडमधून निर्वाणा या बँडमध्ये गेला. ब्रायन बेकर १९९४ पासून बॅड रिलिजन या बँडमध्ये वाजवतोय. रॅन्सिड या पंक बँडनं १९९५ च्या अल्बमचं कव्हर मायनर थ्रेटच्या पहिल्या रेकॉर्डसारखं केलं, पायऱ्यांवर गुडघ्यात डोकं घालून बसलेला पोरगा. मूळ फोटोतला पोरगा म्हणजे इयनचा धाकटा भाऊ ॲलेक. २००० साली रेज अगेन्स्ट द मशीन या बँडनी मायनर थ्रेटचं इन माय आईज गायलं, आणि ते मूळ गाणं तर ऐकाच, कडवं सावकाश, दबक्या आवाजात, समोरच्याची एकेक सबब त्याला परत ऐकवत, आणि मग एकदम सगळं फुटतं.

२००५ मध्ये नाईकीनं स्केटबोर्डिंगच्या एका टूरसाठी पोस्टर काढलं, ॲलेकच्या त्याच फोटोची हुबेहूब नक्कल, नाव मेजर थ्रेट. परवानगी नाही, काही नाही. लोक इतके चिडले की कंपनीला जाहीर माफी मागून ते मागे घ्यावं लागलं. बँड बंद होऊन बावीस वर्षं झाली होती, तरी ते कव्हर लोकांना आपलं वाटत होतं.

पण मला या सगळ्यापेक्षा मोठा वारसा वाटतो तो हिशोबाचा. डिस्कॉर्डनं बँड्सशी कागदी करार केलेच नाहीत. खर्च वजा जाता नफा वाटून घ्यायचा, शब्दावर. फक्त वॉशिंग्टनचे बँड्स घ्यायचे. रेकॉर्डची किंमत पोरांच्या खिशाला परवडेल इतकीच. इयनच्या पुढच्या बँडनं, फुगाझीनं, १९८७ पासून २००२ पर्यंत हजाराच्या वर शो केले, तिकीट शक्यतो पाच डॉलर, कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश, टी-शर्ट विकायचे नाहीत. आणि शोमध्ये कुणी दुसऱ्याला धक्काबुक्की करत असेल तर वाजवणं थांबवायचे, त्याला बोलवायचे, हातात पाकीट द्यायचे, पाकिटात त्याचे पाच डॉलर, आणि दार दाखवायचे. कितीतरी मोठ्या कंपन्या मागे लागल्या होत्या, तरी हे बदललं नाही. जगात आज कुठेही चार पोरं एकत्र येऊन स्वतःच रेकॉर्ड करतात, स्वतःच विकतात, हॉल स्वतः भाड्यानं घेतात, त्यांना माहीत असो-नसो, ही वाट अशा लोकांनीच मळवलेली आहे. एकट्या मायनर थ्रेटनी नाही, कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅग या पंक बँडवाले तेच करत होते, पण इतकी वर्षं इतक्या सरळपणे क्वचितच कुणी निभावलं असेल.

इनर इअरची नंतरची जागा २०२१ मध्ये गेली. पण वॉशिंग्टनच्या सार्वजनिक वाचनालयात २०१४ पासून शहराच्या पंकचा संग्रह आहे, हँडबिलं, फॅनझिन्स (चाहत्यांनी स्वतः काढलेली छोटी मासिकं), रेकॉर्ड्स, आणि तिथे शोसुद्धा होतात, फुकट आणि सगळ्या वयांसाठी. डिस्कॉर्ड अजून चालू आहे, आर्लिंग्टनमध्येच.

ऐकायला कुठून सुरू करू असं कुणी विचारलं तर मी एकच सांगतो. १९८९ मध्ये त्यांच्या सगळ्या रेकॉर्ड्स एकत्र करून एक संग्रह निघालाय, तो पहिल्या गाण्यापासून लावा, मधली गाणी गाळू नका, शब्द समोर ठेवा. आणि शेवटचं सॅलड डेज येईल तेव्हा थांबून ऐका, ते बँड संपल्यावर रेकॉर्ड झालेलं आहे, त्यात अकूस्टिक गिटार आहे, आणि गाणारा पोरगा एकवीस वर्षांचा आहे.