दिवे अजून लागतात

अंधारात फिरणारे हे पांढरे कडे विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या मायक्रोसॉफ्टच्या आभासी वास्तव (व्हीआर) प्रणालीच्या कंट्रोलरचे, म्हणजे हातात धरायच्या यंत्राचे आहे. कड्यावर बारीक एलईडी दिवे बसवले आहेत. हात वळला की दिव्यांची नक्षी वळते, डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटचे कॅमेरे ती टिपतात, मुठीतला गतिसंवेदक हाताचा कल आणि वेग कळवतो, आणि या दोहोंचा मेळ घालून हात नेमका कोठे आहे हे संगणक ठरवतो. हात पाठीमागे गेला आणि दिवे कॅमेऱ्यांना दिसेनासे झाले, तर काही क्षण एकट्या गतिसंवेदकावर काम भागवले जाते. भिंतीवर वेगळी यंत्रे लावावी लागत नाहीत. कंट्रोलरमध्ये दोन पेन्सिल सेल घातले की पुरे.

२०१७ मध्ये एसर, डेल, एचपी, लेनोव्हो आणि सॅमसंग यांनी या पद्धतीचे हेडसेट बाजारात आणले. २०२० च्या एचपी रिव्हर्ब जी२ मध्ये तर प्रत्येक डोळ्यासमोर २१६० गुणिले २१६० बिंदूंचा पडदा आहे; विमान उडवण्याच्या खेळातील उपकरणांवरचे बारीक आकडे त्यात कसे वाचता येतात, ते आपण पाहतच आहात.

डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही प्रणाली मोडीत काढत असल्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढून टाकली. आधीच्या २३एच२ आवृत्तीवर थांबलेल्यांना नोव्हेंबर २०२६ पर्यंतची मुदत मिळाली. म्हणजे यंत्र धडधाकट आहे, पण त्याला ओळखणारे सॉफ्टवेअर नव्या विंडोजमध्ये उरलेले नाही. चांगली भिंगे आणि पडदे यामुळे अडगळीत जातात, हे ओघाने आलेच.

आता टेबलावरचा हा राखाडी हेडसेट पाहा. हा फेसबुक कंपनीचा २०१८ चा ऑक्युलस गो. याचा कंट्रोलर एकच, रिमोटसारखा. तो हाताचे वळणे ओळखतो, पुढे-मागे सरकणे ओळखत नाही. विक्री थांबल्यानंतर, २०२१ मध्ये, कंपनीचे तेव्हाचे तंत्रज्ञान सल्लागार जॉन कारमॅक यांनी लावून धरल्यामुळे कंपनीने या हेडसेटसाठी कुलूप काढलेली, म्हणजे कंपनीचे निर्बंध नसलेली, ऑपरेटिंग सिस्टिम सर्वांना उपलब्ध करून दिली. वीस वर्षांनी एखाद्याला याचे न उघडलेले खोके सापडले आणि तोवर कंपनीचे सर्व्हर बंद झालेले असले, तरी ते यंत्र शेवटच्या आवृत्तीपर्यंत नेता यावे, हा त्यांचा विचार होता. पडद्यावर तेच काम चालू आहे: यूएसबी केबल जोडली, आवाज कमी करण्याचे आणि चालू-बंदचे बटण एकत्र दाबून धरले, मेनू उघडला, आणि आता संगणकावरून फाइल जात आहे.

जुन्या प्रत्येक यंत्रावर नवा खेळ चालवून दाखवा, असे कोणी म्हणत नाही; चाचणीला माणसे आणि पैसा लागतो, ही कंपन्यांची अडचण खरी आहे. परंतु चालू असलेले यंत्र वाऱ्यावर सोडताना त्याचे शेवटचे सॉफ्टवेअर आणि त्याच्याशी बोलण्याची रीत ग्राहकांच्या हाती देणे, एवढे कर्तव्य विकणाऱ्याचे आहेच. खेळ लिहिणाऱ्यांच्या बाजूचे काम तर बरेचसे झालेले आहे: २०१९ मध्ये आलेल्या ओपनएक्सआर या, व्हीआर खेळ आणि यंत्रे यांना जोडणाऱ्या सामाईक मानकात येथे दाखवलेल्या दोन्ही कंट्रोलरांची बटणे रीतसर नोंदलेली आहेत.

२०२५ मध्ये एका अभियंत्याने स्वतःच्या मोकळ्या वेळात मिक्स्ड रिॲलिटीच्या हेडसेटांसाठी स्टीमव्हीआर या व्हीआर खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला हेडसेटची ओळख करून देणारा प्रोग्राम, लिहिला आणि विनामूल्य दिला. त्याला एन्व्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड लागते. तोच ड्रायव्हर आता या संगणकावर सुरू होत आहे. कड्यावरचे दिवे लागले. पडद्यावर आधी डावा हात आला, आणि हा उजवा.