गोवरी, भिंग आणि ऊन

(दृश्य: खळं, भर दुपार)

भाताचं खळं झाडून साफ केलंय. गवत बाजूला, पाण्याची बादली जवळ. मुलीच्या हातात साडेसात सेंटिमीटर रुंदीचं बहिर्गोल भिंग आहे. काडीपेटी नाही.

गोवरी तिनं मुद्दाम मोडून घेतली. थापलेली गुळगुळीत बाजू लवकर पेट धरत नाही. आतल्या गवताच्या काड्या उघड्या पडायला हव्यात. आता ती भिंग वर-खाली करतेय. उजेडाचा गोल आक्रसत जातो. वीस सेंटिमीटरवर उरतो दोन मिलिमीटरांचा ठिपका. तो ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमाच! भिंगभर पडलेलं ऊन त्यात एकवटलंय, हजारपटीहून दाट.

(दृश्य: ठिपका, जवळून)

काडी तपकिरी झाली, मग काळी. काळा रंग ऊन जास्त शोषतो, म्हणून इथून पुढे वेग वाढतो. कोपर गुडघ्यावर टेकवलंय ते हात हलू नये म्हणून. तरी ठिपका सरकतोच, कारण आकाशात सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. धुराची निळसर रेघ उठली. आता हलकी फुंकर. ठिणगी लाल होऊन पसरते, गोवरीचा तुकडा नारळाच्या सुक्या काथ्यात जातो, आणखी एक फुंकर, आणि जाळ!

(दृश्य: ‘निरुक्ता’चं पान)

ही कृती यास्कांच्या ‘निरुक्ता’त, सातव्या अध्यायात आहे. वेदांतल्या शब्दांचे अर्थ उलगडणारा, इसवी सनाच्या काही शतकं आधीचा हा ग्रंथ. सूर्य उत्तरेकडे वळल्यावर काशाचं भांडं किंवा मणी घासून लख्ख करा, उन्हात धरा, सुकं शेण त्याला न टेकवता समोर ठेवा, ते पेटतं. वेदमंत्रांतला देव वैश्वानर म्हणजे नेमका कोण, यावर तिथे वाद चाललाय. आकाशातला सूर्य, की पृथ्वीवरचा हा अग्नी? शाकपूणी या जुन्या आचार्यांचं म्हणणं, हाच अग्नी. तो वरच्या तेजांपासून जन्मतो. मंत्राच्या अर्थाचा वाद, आणि पुरावा म्हणून कोणालाही अंगणात करून पाहता येईल असा प्रयोग! आमच्या शाळांमध्ये भिंगाचा धडा फळ्यावरच्या किरणाकृतीपाशी थांबतो. तो उन्हात यायला हवा. एक भिंग आणि एक गोवरी, एवढाच खर्च आहे.

भिंगातून सूर्याकडे पाहू नका, डोळा कायमचा जातो. वारा असेल तर प्रयोग नको. उन्हाळ्यात सह्याद्रीचं गवत एका ठिणगीनं पेटतं आणि वणवा डोंगर चढतो.