चढती की उतरती

[दृश्य : आयर्विन पूल, पावसाळी सकाळ. पाण्याची पातळी दाखवणारी फुटांची पट्टी.]

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला. ‘पाणी किती?’ आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण नुसत्या आकड्यावर कुणी थांबत नाही. लगेच दुसरा प्रश्न येतो. ‘चढतंय का उतरतंय?’ 38 फूट आणि चढतंय, तर सामान माळ्यावर जातं. 42 फूट आणि उतरतंय, तर माणसं जरा दम खातात.

कृष्णाकाठच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. मात्र रक्तातल्या साखरेचा आकडा हातात आला की हाच माणूस दुसरा प्रश्न विसरतो. मशीनवर 168 दिसतात आणि सकाळभर तोंड उतरलेलं राहतं. कधी घेतली, त्याआधी काय खाल्लं होतं, काल याच वेळेला किती होती, काहीच विचारलं जात नाही.

तो दुसरा प्रश्न एकमेकांना विचारणारी माणसं या शहरात आहेत. पहाटे आमराई बागेत भेटतात.

[दृश्य : आमराई. फेऱ्या मारणारे लोक. एका बाकावर पिशव्या, पाण्याच्या बाटल्या.]

फेऱ्या संपल्या की चार-पाच जण बाकावर टेकतात. पिशवीतून मशीन निघतं, पट्ट्यांची डबी निघते. बोट पुढं करणाऱ्याला शेजारचा आधी एकच विचारतो. ‘अण्णा, हात धुतले का?’

हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. पट्टीला रक्त लागतं जेमतेम अर्धा ते एक मायक्रोलीटर, मोहरीच्या दाण्याहून लहान थेंब. साखर 100, म्हणजे डेसिलीटरला 100 मिलिग्रॅम असेल, तर एक मायक्रोलीटर रक्तात ती असते अवघी एक मायक्रोग्रॅम. बोटाला तेवढाच ग्लुकोज चिकटलेला असला की मशीन 100 च्या जागी 200 दाखवतं. माघ-फाल्गुनात इकडं घरोघर द्राक्षं असतात, आणि द्राक्षाच्या रसात ग्लुकोज भरपूर. घड सोलून, बोट पँटला पुसून घेतलेला आकडा हा द्राक्षाचा आकडा असतो, माणसाचा नव्हे. सॅनिटायझरनं ही साखर धड निघत नाही. साबण, पाणी, आणि मग हात पूर्ण कोरडा. ओल्या बोटावर थेंब पातळ होतो आणि आकडा खोटाच कमी येतो.

[दृश्य : बोट, जवळून. सुईचं पेन टेकतं.]

थंडीत बोटं गारठलेली असतात, रक्त येत नाही. तेव्हा हात खाली सोडून दहा-वीस वेळा झुलवायचा. सुई बोटाच्या मधोमध नाही, कडेला. मधोमध नसा जास्त, दुखतंही जास्त, आणि दिवसभर ज्या बोटानं काम करायचं तीच जागा हुळहुळते. टोचल्यावर टोक कचकचून पिळायचं नाही. पिळलं की पेशींमधलं पाणी रक्तात मिसळतं. तळव्याकडून टोकाकडं हलकं दाबत आणायचं, थेंब गोल होऊ द्यायचा, आणि पट्टीची कड नुसती टेकवायची. ती आपसूक ओढून घेते. वरून थापायचं नाही. थेंब कमी पडला तर बहुतेक मशीनं आकड्याऐवजी ‘एरर’ दाखवतात, मग नवी पट्टी काढायची. त्याच पट्टीवर दुसरा थेंब ओतून आकडा जुळत नाही.

डबीचं झाकण पट्टी काढल्याक्षणी बंद. पट्टीवर एक एन्झाइम असतं आणि ते दमट हवेत मरतं. सांगलीच्या जुलै-ऑगस्टमध्ये झाकण उघडं राहिलेली डबी आठवड्यात भरवशाची राहत नाही. म्हणूनच ‘पाच पट्ट्या कागदात गुंडाळून दे’ हे चालत नाही. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेली डबीही गेलीच समजायची. फ्रीजमध्येही ठेवायची नाही, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. डबी उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावरच पेनानं लिहायची. उघडल्यावर किती महिने चालते ते कंपनीगणिक वेगळं असतं आणि लेबलवर छापलेलं असतं.

बाकावर अधूनमधून एक वाद होतो. दोन मशीनं, एकच बोट. एक म्हणतं 168, दुसरं 181. खरं कोण? दोन्ही. घरगुती मशीनसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात 100 च्या वरच्या आकड्यात 15 टक्के इकडंतिकडं चालतं, तेही शंभरातल्या 95 वेळा. 100 च्या खाली 15 अंकांची सूट. म्हणजे खरी साखर 200 असेल तर मशीन 170 दाखवो नाहीतर 230, ते कामातून गेलेलं नसतं. 168 आणि 158 मधल्या फरकावरून कुणी खूश होऊ नये, कुणी झुरूही नये. सलग तीन-चार दिवसांत आकडे कुठल्या दिशेला सरकतायत ते बघावं.

एक गोष्ट मात्र या बाकावर कधीच एकाकडून दुसऱ्याकडं जात नाही. सुईचं पेन. सुई बदलली तरी नाही. पेनाच्या तोंडाला रक्ताचा डोळ्याला न दिसणारा अंश राहतो आणि त्यातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो. नवरा-बायकोचंही पेन वेगळं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवायच्या. सुटी सुई घंटागाडीत गेली तर ती कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसते.

[दृश्य : दोनशेपानी वही. रेघा हातानं आखलेल्या.]

आता वही. मशीन आकडे साठवून ठेवतं, मग वही कशाला, असं नवा माणूस विचारतो. कारण मशीनला आकडा माहीत असतो, कारण माहीत नसतं. वहीत पाच रकाने. तारीख, वेळ, आकडा, काय खाल्लं, आणि शेवटचा रुंद रकाना ‘काय घडलं’. या शेवटच्या रकान्यात खरा खजिना असतो. ‘रात्री दाढ दुखली.’ ‘पाहुणे.’ ‘गुडघ्यात इंजेक्शन.’ गुडघ्यातलं इंजेक्शन स्टिरॉइडचं असेल तर साखर काही दिवस वर राहते. हे माहीत नसलेला माणूस त्या दिवसांत भात सोडतो, मग पोळी सोडतो, शेवटी स्वतःलाच दोष देत बसतो. शेजारचा वही बघून म्हणतो, ‘तात्या, इंजेक्शन मंगळवारी ना? मग डॉक्टरांना फोन लावा, जेवण कशाला सोडताय?’

जुन्या माणसांना लघवी उकळण्याचा काळ आठवतो. परीक्षानळीत 5 मिलीलीटर बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटचा दिवा. निळंच राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल. पण रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि लघवी सांगते ती काही तासांपूर्वीची गोष्ट. पाणी घरात शिरून गेल्यावर पातळी कळावी, तसं. त्या मानानं आज बोटावर मिळणारा आकडा हे मोठंच सुख आहे. ते वाया घालवू नये असं मनापासून वाटतं.

वाया कसं जातं? रोज सकाळी उपाशीपोटी एकच आकडा घेऊन. दिशा कळायला आकडे दोन लागतात, जेवणाआधीचा आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनंतरचा. हात धुऊन उठल्यापासून नव्हे, पहिल्या घासापासून. सोमवारी न्याहारीची जोडी, बुधवारी दुपारच्या जेवणाची, शुक्रवारी रात्रीची. आठवड्याला सहा पट्ट्या. ज्यांचं गोळ्यांवर भागतं त्यांना एवढ्यात बरंच कळतं. इन्सुलिनवाल्यांना जास्त लागतात, त्यांचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतात. बहुतेक मोठ्या माणसांसाठी जेवणाआधी 80 ते 130 आणि नंतर 180 च्या आत हा पल्ला धरतात. वय, मूत्रपिंड, हृदय बघून तो डॉक्टर सैल करतात.

जोडी घेतली की गैरसमज गळून पडतात. आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज भाकरीचा. ‘भाकरीनं शुगर वाढत नाही’ म्हणून दोनच्या तीन होतात. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. हातावर थापलेल्या मोठ्या भाकरीला 80 ग्रॅम पीठ लागलं, तर एकीत 56 ग्रॅम झाली. भाकरी चांगलीच आहे. ती मोजून खावी, आणि बरोबर वांग्याची भाजी, मटकी, ताक असावं. एकदा घरच्या काट्यावर पीठ तोलावं, म्हणजे आपली भाकरी केवढ्याची ते आयुष्यभरासाठी कळतं. भडंगाचंही तसंच. चुरमुरा हाताला हलका लागतो, पण तो फुललेला तांदूळच. आणि गूळ म्हणजे साखरच. संक्रांतीच्या 25 ग्रॅमच्या लाडवात निम्मा गूळ धरला तरी 12 ग्रॅम होतो. बाकावर तिळगूळ वाटला जातो तेव्हा एक लाडू चौघांत फुटतो. घेतला नाही असं कुणाला वाटत नाही आणि वहीत त्याची नोंदही होते.

दोन मैत्रिणींनी एकच जेवण, एकाच वेळी, आपापल्या घरी करून आकडे ताडून बघितले तर बऱ्याचदा ते वेगळे येतात. एकीची 60 नं चढते, दुसरीची 25 नं. दुसरी जेवून भांडी घासून, अंगणात दहा-पंधरा मिनिटं चाललेली असते. चालणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःकडं ओढतो. हे पुस्तकात वाचून पटत नाही, मैत्रिणीच्या वहीत दिसलं की पटतं.

सकाळचा आकडा हा तर रडकुंडीला आणणारा प्रकार. रात्री झोपताना 120, मध्ये घोटभर पाण्याशिवाय काही नाही, आणि सकाळी 155. माणसाला वाटतं, मशीन बिघडलं. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत काही संप्रेरकं सोडतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, त्याची ही चढण. दोन-तीन रात्री पहाटे तीनचा गजर लावून एकेक पट्टी घालवावी. तीनला साखर ठीक आणि सहाला जास्त, तर ही पहाटेची चढण. तीनलाच कमी, तर औषध रात्री जास्त होतंय. दोन्हींवरचे उपाय उलटे आहेत. म्हणून आकडे डॉक्टरांसमोर ठेवायचे, गोळी मनानं वाढवायची नाही.

[दृश्य : बाकावरची पिशवी. ग्लुकोज पावडरची पुडी, बिस्किटाचा पुडा.]

उतरती बाजू चढतीहून घातक, कारण ती मिनिटांत येते. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, आणि एक खूण जी स्वतःला कळत नाही, सोबत्याला कळते. शांत माणूस एकाएकी चिडतो, बोलताना अडखळतो. त्याच्याशी वाद घालायचा नाही. बोट पुढं घ्यायचं. 70 च्या खाली असेल, किंवा मशीन जवळ नसेल, तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून द्यायचं, साधारण 15 ग्रॅम. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. तरी 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर बिस्किट, पोळी असं काही. पेढा किंवा चॉकलेट द्यायचं नाही. त्यातल्या स्निग्धामुळं साखर रक्तात पोचायला उशीर होतो.

साखर चालते, मग ग्लुकोजचाच आग्रह का? आपल्याकडं बऱ्याच जणांना व्होग्लिबोज नावाची गोळी असते, अनेकदा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत. ती साखरेचे तुकडे होण्याचं कामच आतड्यात मंद करते. अशा माणसाला साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच पडतो. कुणाला ही गोळी आहे हे बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. एका कुशीवर वळवायचं आणि 108.

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणारी गोळी घेणाऱ्यांनी फेऱ्यांना निघण्याआधी तपासावं. 90 च्या खाली असेल तर आधी थोडं खावं, मग चालावं.

प्रेमापोटी आणखी एक चूक होते. शेजारणीचं इन्सुलिन संपलं, दुसरीनं आपलं दिलं. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलीलीटरला 40 युनिटचं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनातलं 100 युनिटचं. पेनाच्या काडतुसातलं औषध लाल टोपीच्या सिरिंजनं ओढलं, तर तेवढ्याच रेघेत अडीचपट डोस जातो. आकडे, भाकरीचं वजन, फेऱ्या, धीर, सगळं वाटून घ्यावं. औषध नाही.

[दृश्य : बाकाशेजारी काढून ठेवलेल्या चपला.]

रविवारी इथं तळवे बघितले जातात. वर्षानुवर्षांच्या साखरेनं पायाची जाणीव बोथट होते. खडा घुसतो, फोड येतो, आणि कळत नाही. स्वतःचा तळवा साठीनंतर स्वतःला नीट दिसतही नाही. म्हणून एकमेकांचा. बोटांच्या बेचक्यात ओल, टाचेला भेग, कुठं लाली. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकायची, आत हात फिरवायचा. दवावर अनवाणी चालणं डोळ्यांना गारवा देतं म्हणतात. जाणीव कमी झालेल्या पायांनी ते करू नये, एवढं इथं स्पष्ट सांगितलं जातं.

[दृश्य : विश्रामबागेतलं घर, पहाट. स्वयंपाकघरात एकच दिवा.]

मुलं पुण्याला, मुंबईला. घरात एकटं माणूस, आणि रात्रीचं इन्सुलिन. अशांसाठी बाकानं एक साधी सोय लावली आहे. उठल्यावर सहाच्या आत एका ठरलेल्या सोबत्याला मिस्ड कॉल. उचलायचा नाही, पैसे नाहीत, बोलणं नाही. सव्वासहापर्यंत आला नाही तर सोबती उलट फोन करतो. दोनदा वाजून उचलला नाही तर शेजारच्या घरी, जिथं दुसरी किल्ली असते. किल्लीसोबत एक कागद. कुठलं औषध, कुठला डॉक्टर, ग्लुकोज स्वयंपाकघरात कुठल्या फळीवर.

[दृश्य : मोबाइलचा पडदा. पाच वाजून बावन्न मिनिटं.]

आमराईच्या फाटकापाशी एका आज्जींच्या पिशवीत फोन एकदा थरथरतो आणि थांबतो. त्या नाव बघतात, फोन परत ठेवतात आणि फेरीला लागतात.