खिडकीतून कॉलेजात

नमस्कार श्रोतेहो. आज तुम्हाला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका लहान शहरात घेऊन जायचंय. गेल्सबर्ग. शिकागोपासून रेल्वेने सुमारे तीन तासांवर, वस्ती जेमतेम तीस हजार. इंटरस्टेट ७४ हा हमरस्ता शहराच्या पूर्वेकडून निघून जातो, ३४ आणि १५० हे जुने महामार्गही इथूनच जातात. पण गाव वाढलं ते रेल्वेवर, आणि वसलं ते एका कॉलेजासाठी.

हो, कॉलेजासाठी! जॉर्ज वॉशिंग्टन गेल नावाचे पाद्री न्यूयॉर्क राज्यातून माणसं घेऊन आले, माळरान विकत घेतलं, त्याचे तुकडे विकून आलेल्या पैशातून कॉलेज उभं करायचं ठरवलं. १८३७ साली नॉक्स कॉलेजला सनद मिळाली. ही मंडळी गुलामगिरीच्या कडक विरोधात होती.

७ ऑक्टोबर १८५८. सेनेटच्या जागेसाठी अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांची पाचवी जाहीर वादसभा याच कॉलेजच्या 'ओल्ड मेन' इमारतीशी भरली. बोचरा वारा, हजारोंची गर्दी. व्यासपीठ भिंतीला असं भिडवलं होतं की दारच अडलं. मग वक्ते खिडकीतून बाहेर आले. लिंकन तेव्हा म्हणाले म्हणे, "चला, एकदाचा मी कॉलेजातून पार झालो!" हे ते खरंच म्हणाले की नाही, देव जाणे, पण ज्यांचं सगळं शालेय शिक्षण मिळून वर्षभराचंही नव्हतं, त्यांच्या तोंडी ते शोभतं. दोनच वर्षांनी, १८६० साली, याच कॉलेजने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

वादसभेच्या पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, या गावात एक मूल जन्मलं. संस्थापकांचंच नाव त्याला ठेवलं: जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस. जत्रेत फिरणारे लाकडी पाळणे जगाला आधीपासून ठाऊक होते. या इंजिनिअरने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात पोलादाचा आकाशपाळणा उभा केला, २६४ फूट उंच! छत्तीस डबे, एकेका डब्यात साठ माणसं.

पण माझा जीव अडकतो तो कार्ल सँडबर्गमध्ये. जन्म १८७८. वडील स्वीडनहून आलेले, रेल्वेच्या लोहारखात्यात घाम गाळणारे. आठवीनंतर शाळा सुटली आणि पोरगा दुधाच्या गाडीवर लागला. कामाला जाता-येता तो नॉक्सच्या आवारातून जाई आणि ओल्ड मेनच्या भिंतीवर कोरलेले लिंकनचे शब्द वाचत उभा राही. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धावरून परतल्यावर गावातल्याच लॉम्बार्ड कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला. रात्री अग्निशमन केंद्रात झोपायचं आणि आगीची वर्दी आली की धावायचं, अशी नोकरी करत तो शिकला. पदवी मात्र घेतली नाही. हाच मुलगा पुढे मोठा कवी झाला. लिंकनचं चरित्र लिहिण्यात त्याने कितीतरी वर्षं घातली आणि १९४० साली त्याला इतिहासाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

लॉम्बार्ड १९३० साली बंद पडलं. आज गेल्सबर्गच्या दुसऱ्या कॉलेजला नाव आहे कार्ल सँडबर्ग कॉलेज. शिकागोहून येणाऱ्या एका आगगाडीलाही त्याचंच नाव आहे.

त्याचं तीन खोल्यांचं जन्मघर रुळांजवळ आहे. मागच्या अंगणात लाल ग्रॅनाइटचा एक मोठा धोंडा आहे. त्याखाली त्याची रक्षा ठेवली आहे, आणि पलीकडून मालगाड्या जात असतात.