नोटीस आली? आधी कलम बघा

नमस्कार श्रोतेहो.

विवरणपत्र भरून आपण मोकळे होतो आणि एक दिवस आयकर विभागाचा मेल येतो. मग कुणी तो न उघडताच सीएंना फोन लावतं, तर कुणी फाइल काखोटीला मारून थेट पुण्यातल्या सॅलिसबरी पार्कचं आयकर कार्यालय गाठतं. दोघांनाही विनंती, आधी तो कागद वाचा. कलम कोणतं लिहिलंय ते बघा, कारण मुदत त्यावर ठरते.

१३९(९) असेल तर विवरणपत्र सदोष ठरलंय, उत्तराला १५ दिवस. १४३(१)(ए) असेल तर बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रानं तुमच्या आकड्यांत बदल सुचवलाय, ३० दिवस. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असला, तरी त्याआधीच्या वर्षांच्या उत्पन्नाला १९६१ चाच लागतो, म्हणून कलमं जुनीच सांगतोय. आणि हेलपाटा नको, दोन्हींची उत्तरं आयकर विभागाच्या पोर्टलवर ‘ई-प्रोसिडिंग्ज’मध्येच द्यायची असतात.

सगळ्यात जास्त घोळ मुदत ठेवींच्या व्याजाचा. समजा, कोथरूडच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. बँकेनं व्याज देतानाच त्यावरचा कर, म्हणजे टीडीएस, कापला, तो २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, दिसला, बाईंनी रिफंड मागितला. पण ज्या व्याजावर तो कापला, ते व्याजच दाखवायचं राहिलं. संगणक विचारणारच की, कर कापला गेला तर उत्पन्न कुठंय? विवरणपत्र सदोष! व्याज धरून, दुरुस्त करून मुदतीत पाठवलं की प्रश्न मिटला. नाही पाठवलं, तर ते भरलंच नव्हतं असं धरलं जाऊ शकतं.

त्यांच्या शेजारच्या काकांची गंमत वेगळी. त्यांनी बँकेला १५-एच हा अर्ज दिला, टीडीएस कापला नाही, म्हणून व्याज करमुक्त असं त्यांनी ठरवून टाकलं. हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. १५-एच म्हणजे ‘कर कापू नका’ एवढंच. व्याजाचा आकडा बँक विभागाला कळवतेच आणि तो एआयएसमध्ये, म्हणजे विभागाकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, जाऊन बसतो.

पण एआयएससुद्धा काही वेदवाक्य नव्हे. पैसे बायकोचे आणि जोडठेवीत पहिलं नाव नवऱ्याचं, तर सगळं व्याज नवऱ्याच्या पॅनवर दिसतं. अशा नोंदीवर तिथंच ‘फीडबॅक’ देता येतो. तसंच, १४३(१)(ए) मध्ये सुचवलेला बदल पटला नाही, तर घाबरून ‘सहमत’चं बटण दाबू नका. ‘असहमत’ निवडा, कारण लिहा. मात्र गप्प बसलात, तर ३० दिवसांनी तो बदल होतो आणि त्यावरचा कर तुमच्याकडे मागितला जातो.

उत्तर पाठवलं की पोचपावती उतरवून ठेवा. आणि मेल खराच विभागाचा आहे का, अशी शंका आली तर त्यातल्या लिंकला हात लावू नका. नोटिशीवरचा डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, पोर्टलवर टाकून बघा, त्याला लॉगिनसुद्धा लागत नाही. ओटीपी विचारणारा फोन आला, तर तो सरळ ठेवून द्या.

नमस्कार.