एकाच नावाच्या तीन नावा

[दृश्य: जळगाव, मे महिन्यातली दुपार. खिडकीत कूलरचा घरघराट. टेबलावर एकाच पाटावर तीन करड्या युद्धनौकांची मॉडेलं.]

खान्देशात नावा पाहायच्या तर तापीच्या डोहात, नाहीतर गिरणेच्या धरणावर. या टेबलावरच्या तिन्ही जहाजांचं नाव मात्र शेजारच्या नाशिकात उगम पावणाऱ्या नदीचं आहे: गोदावरी.

पहिली यू ५२ (हा नौकेच्या अंगावरचा क्रमांक). ब्लॅक स्वान वर्गातली स्लूप, म्हणजे छोटी संरक्षक युद्धनौका, १९४३ साली नौदलात आली आणि फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला जाऊन 'सिंध' झाली. दुसरी डी ९२. हंट वर्गातली ही विनाशिका मूळची ब्रिटिश 'बेडेल'. १९४२ मध्ये पोलिश नौदलाकडे गेली, त्याच वर्षी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दिएपच्या स्वारीत होती, आणि १९५३ मध्ये आपली गोदावरी झाली. तिसरी एफ २०, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली फ्रिगेट. १० डिसेंबर १९८३ ला दाखल, २३ डिसेंबर २०१५ ला निवृत्त.

[दृश्य: फुटपट्टीशेजारी तीन सांगाडे.]

असा संच करायचा तर प्रमाण एकच हवं. इथे १:३५० घेतलंय. यू ५२ ची खरी लांबी ९१.३ मीटर, म्हणजे मॉडेल २६.१ सेंटीमीटर. डी ९२ ची ८५.३ मीटर, म्हणजे २४.४. एफ २० ची १२६.४ मीटर, म्हणजे ३६.१. रुंदीत पहिल्या दोघींच्या मॉडेलमध्ये जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा फरक आहे, पण नजर तो लगेच पकडते. हंट काटकुळी दिसलीच पाहिजे. एकाच साच्यावर दोन्ही कापल्या की घोळ झालाच.

एफ २० साठी बरेचजण लिअँडर वर्गाच्या फ्रिगेटचा आराखडा उचलतात. कारण बरोबर आहे, हिचा जन्म त्याच आराखड्यातून झाला. पण लिअँडर ११३.४ मीटरची. मॉडेलमध्ये ३.७ सेंटीमीटर कमी पडतात, आणि मध्ये तेवढा तुकडा घालून भागत नाही, कारण गोदावरी रुंदीलाही जास्त आहे. आराखडा नव्यानंच काढावा लागतो.

[दृश्य: सनबोर्डचे थर, कटर, पॉलिश पेपर.]

अंगासाठी फ्लेक्सवाल्याकडचा पाच मिलिमीटरचा सनबोर्ड चालतो. पाण्याच्या रेषेपासून वर थरावर थर. प्रत्येक थर आखणीच्या एक मिलिमीटर बाहेरून कापायचा, चिकटवायचा, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं उतरवत ४०० वर यायचं. पुट्टी पातळ, दोन-तीन हातांत. एकदाच जाड भरली की वरून सुकते, आत ओली राहते आणि आठवड्यानं तडकते.

चिकटवताना इथली हवा विसरू नका. फेव्हिक्विकला घट्ट व्हायला हवेतली आर्द्रता लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो सावकाश धरतो, म्हणून माणूस आणखी थेंब सोडतो आणि तिथेच फसतो. पावसाळ्यात उलट तक्रार: झटकन धरतो, पण जोडाभोवती पांढरी बुरशीसारखी छटा उमटते. ती त्याच गोंदाची वाफ. थेंब सुईच्या टोकानं द्या, खिडकी उघडी ठेवा.

[दृश्य: सहा छोट्या जुळ्या तोफा, शेजारी इंजेक्शनची सुई.]

आता या संचातली गंमत. यू ५२ आणि डी ९२, दोघींवर चार इंची जुळ्या तोफांचे तीन-तीन संच. मांडणी मात्र उलटी: स्लूपवर दोन पुढं, एक मागं, हंटवर एक पुढं, दोन मागं. म्हणजे तोफांची ढाल एकदाच नीट घडवायची, सिलिकॉनचा साचा करायचा आणि रेझिनच्या आठ ओतायच्या. लागतात सहा, दोन बुडबुड्यांना जातातच. रेझिन पहाटे ओता. दुपारी बेचाळीस अंशांत ते वाटीतच बसतं.

नळ्या रेझिनच्या करू नयेत, उन्हाळ्यात वाकतात. मेडिकलमधली २६ नंबरची सुई बाहेरून ०.४६ मिलिमीटर, या प्रमाणात अगदी बेताची. पोकळ असल्यानं तोफेचं तोंडही आयतंच मिळतं. १३ मिलिमीटरचे बारा तुकडे लागतील. पकडीनं तोडलं तर टोक चेपतं. कानशीनं गोल खाच पाडा, मग मोडा.

[दृश्य: जुनी छायाचित्रं.]

फोटो बघताना डोळ्यांत तेल घाला. हंट वर्गातल्या आपल्या तीन नौका गोदावरी, गोमती, गंगा. १९८० च्या दशकातल्या तीन फ्रिगेटही गोदावरी, गोमती, गंगा. फोटोखालच्या नावावर विसंबू नका, अंगावरचा क्रमांक वाचा. एल २६ दिसला तर ती डी ९२ च, पण बेडेल किंवा पोलिश असतानाची.

मग प्रत्येकीसाठी एक तारीख ठरवा, कारण झेंडा तारखेवर ठरतो. यू ५२ ला लाल क्रॉसचा, कोपऱ्यात युनियन जॅक असलेला झेंडा. डी ९२ ला तोच क्रॉस, कोपऱ्यात तिरंगा. एफ २० ला सुरुवातीला हाच. २००१ मध्ये क्रॉस गेला, २००४ मध्ये मध्यभागी सिंहमुद्रा घेऊन परतला, २०१४ मध्ये मुद्रेखाली 'सत्यमेव जयते' आलं. मालदीवमधून ओलिसांसह पळणारं 'प्रोग्रेस लाइट' जहाज अडवलं तेव्हाची, नोव्हेंबर १९८८ ची गोदावरी करत असाल, तर सिंह नकोत.

एफ २० वर दोन सी किंग हेलिकॉप्टरं. मॉडेलमध्ये पंख्याचा व्यास ५.४ सेंटीमीटर आणि जहाजाची रुंदी ४.१. पाती उघडी ठेवली तर दोन्हीकडे बाहेर येणारच, ती चूक नव्हे. हँगरमध्ये ठेवायचं असेल तर पाती दुमडा.

[दृश्य: डोलकाठीला ताणलेली दोरी.]

कापसाचा मुलूख असला तरी इथे सुती दोरा नको. त्याची ०.१ मिलिमीटरची लव या प्रमाणात साडेतीन सेंटीमीटर जाड दिसते. मेणबत्तीच्या आचेवर ताणलेलं प्लॅस्टिक किंवा लवचिक नायलॉन वापरा.

फवारणी सकाळी, कूलर बंद करून. ओल्या झोतात लॅकर पांढुरका पडतो, आणि भर दुपारी रंग वाटेतच सुकून खरखरीत बसतो.

[दृश्य: काचेची पेटी गाडीत ठेवताना.]

प्रदर्शनाला नेताना पेटी सावलीच्या बाजूला ठेवा. बंद गाडी उन्हात लावून जेवायला उतरलात, तर परत येईपर्यंत सनबोर्ड मऊ पडून ३६ सेंटीमीटरची गोदावरी केळ्यासारखी वाकलेली असेल.