कीबोर्ड नेमका कुठे गप्प होतो?

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सांगलीत जुने संगणक अजून भरपूर आहेत. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतींत आहेत, पतसंस्थांत आहेत, शाळांच्या कपाटांत आहेत. त्यांवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, बसवायला घेतली की पुष्कळदा कीबोर्ड किंवा माउसच चालत नाही, आणि मग सगळंच भंगारात जातं. माझी विनंती एवढीच, की टाकण्याआधी तो कोणत्या टप्प्यावर गप्प झाला ते बघा.

संगणक चालू केल्यावर आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, जागं होतं, मग लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबचा मेनू येतो, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. त्या मेनूत बाणाच्या कळा चालतात का? चालत असतील तर कीबोर्ड, वायर आणि पोर्ट ठणठणीत आहेत, कारण तिथवर बायोसचा कारभार असतो. कर्नलने ताबा घेतल्यावर जुन्या गोल पिनेच्या, म्हणजे पीएस-टू कीबोर्डच्या कळा बंद पडल्या, तर गोंधळ बहुधा कर्नल आणि कीबोर्ड सांभाळणारी चिप, म्हणजे कीबोर्ड-कंट्रोलर, यांच्यात आहे. या कंट्रोलरला मूळ चिपच्या क्रमांकावरून आजही आय८०४२ म्हणतात. काही बायोस कर्नलला त्याची माहितीच नीट देत नाहीत, मग कर्नल त्या पोर्टकडे फिरकतही नाही.

अशा वेळी मेनूवर 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'आय८०४२ डॉट नोपीएनपी' लिहा. अर्थातच रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा न सोडता, आणि डॉटच्या जागी टिंब. मग एफ-१० दाबा. बायोसच्या माहितीवर न विसंबता तू स्वतः पोर्ट शोध, असा त्याचा अर्थ. त्याने भागलं नाही तर 'नोपीएनपी'च्या जागी 'रीसेट' लिहून बघा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. कायमचा करायचा तर लिनक्स बसवून झाल्यावर ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहावा लागतो. हे विसरलं की दुसऱ्या दिवशी कीबोर्ड पुन्हा मुका.

पीएस-टू पोर्ट आयबीएमने १९८७ साली आणला. जांभळा कीबोर्डचा, हिरवा माउसचा. मशीन चालू असताना या पिना काढू-घालू नका. यूएसबीसारखी ही जोडणी चालू मशीनवर करण्यासाठी बनवलेलीच नाही.

बऱ्याच नव्या मशीनला हे पोर्ट नसतं, म्हणून लोक बाजारातून छोटा अडॅप्टर आणतात आणि तो चालत नाही. त्यात फक्त तारा जोडलेल्या असतात, चिप नसते. जुन्या कीबोर्डला यूएसबीची भाषा येत नाही, त्यामुळे मध्ये दुभाषा लागतोच. दुकानदाराला 'चिपवाला कन्व्हर्टर' असं स्पष्ट सांगा.

सीरियल माउसची गोष्ट वेगळी. नऊ पिनांचा, दोन स्क्रूंनी आवळायचा. तो आपोआप सुरू होईल अशी वाट बघत बसू नका. 'इनपुटअटॅच' नावाचं छोटं पॅकेज टाका, त्याला माउसचा प्रकार सांगा, बहुतेक वेळा 'मायक्रोसॉफ्ट', आणि पोर्ट सांगा. विंडोजमधला कॉम-१ म्हणजे इथला टीटीवायएस-०. मोजणी शून्यापासून आहे, आणि बरेच जण इथेच अडकतात. तोवर काम थांबवायची गरज नाही, कारण डेबियन हा लिनक्सचा प्रकार नुसत्या कीबोर्डवर पूर्ण बसवता येतो. निवड करायला टॅब, स्पेस, एंटर आणि बाणाच्या कळा एवढ्यावर भागतं.